पदरातले तांदूळ

आमच्या शाळेत मुख्याध्यापिकेला अजून मोठ्या बाई म्हणतात. सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतली ही शाळा एके काळी सगळी मराठी होती. आता माध्यम इंग्रजी, पोरं तेलुगू, मारवाडी, बंगाली. मराठी उरली ती सकाळच्या प्रार्थनेत आणि शिक्षकांच्या खोलीत, तीही निम्मी दखनी 'हौ' आणि 'नक्को'ची. मी तिथं गणित शिकवते आणि शिकवताना ओरडते. पोरांना त्याची सवय आहे.

बंगाली मुलं आहेत ती कारागिरांची. बाजारातल्या सराफी पेढ्यांच्या माड्यांवर मांडी घालून हे लोक दागिने घडवतात आणि त्यांच्या जिवावर अर्ध्या शहराची लग्नं लागतात. यंदा दिवाळीनंतर त्याच माड्यांवर चौकशीला पोलिसांची माणसं आली. बोली बंगाली, मग सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे? काही जणांना घेऊन गेले. सोडलं, पण सगळ्यांना एकदम नाही. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना कागद खरे कशावरून म्हणून विचारलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी लेक अमेरिकेत शिकते. हल्ली दूध आणायला जातानाही पासपोर्ट जवळ ठेवते, असं तिनं सांगितलं तेव्हा मी तिकडच्या लोकांच्या नावानं कडाकडा बोटं मोडली होती. आता कुणाच्या नावानं मोडायची?

वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, "कुठल्याही पोराला वर्गात 'तू कुठचा' म्हणून विचारायचं नाही. बाहेरचा कोणी आला तर आधी माझ्याकडे. आणि मुलांच्या आयांना निरोप द्या, भीती वाटत असेल तर दिवसभर इथं येऊन बसा म्हणावं. हॉल उघडा आहे."

मला वाटलं, शाळा आहे ही, किल्ला थोडीच आहे? पण बायका आल्या. भाजी निवडत, तान्ह्यांना थोपटत हॉलमध्ये बसायला लागल्या, आणि आई खाली आहे म्हटल्यावर पोरंही वर्गात दिसू लागली.

दहावीतली एक मुलगी मात्र आली नाही. अखंड बडबडणारी, भूमितीचा गृहपाठ मैत्रिणीचा उतरवणारी आणि पकडली गेली की हसणारी. माझी फार बोलणी खाल्लीत तिनं. ती उगवली ती थेट ऑफिसात, आईबरोबर. आई बारीक अंगाची, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. नवऱ्याला चौकशीला नेलं होतं. परत आल्यापासून तो माडीची पायरी चढायला तयार नव्हता.

"टीसी दे दीजिए," आई म्हणाली. "हम लोग गाँव जाएगा."

मुलगी माझ्या कानाशी आली. "टीचर, गई तो परीक्षा गई. उधर चाचा लोग लड़का देख के रखे."

दहावीच्या मधेच शाळा सुटली की वर्ष बुडतं, आणि अशा घरातल्या मुलीचं बुडालेलं वर्ष परत वर येत नाही. मी आईला समजावलं. मोठ्या बाईंनी समजावलं. ती फरशीकडे बघत मान हलवत राहिली. "इसका बाबा बोला है," एवढंच एक उत्तर.

शेवटी मोठ्या बाई उठल्या. "बळंच कसं थांबवायचं? घाबरून निघालेत बिचारे. पण रिकामी नाही पाठवायची."

त्यांच्या कपाटात नारळ, खण, कुंकवाचा करंडा आणि तांदळाचा डबा कायम असतो. निवृत्त होणारी शिक्षिका असो की शिपाईणबाई, ओटी भरल्याशिवाय आमच्या शाळेतून जात नाही. माहेराहून निघालेल्या लेकीची भरावी, तशीच. हे घर तुझंच आहे, परत ये, हे त्यात न बोलता येतं. मी खुणेनं त्या आईला पदर पुढे करायला सांगितलं. तिनं केला. मोठ्या बाईंनी कुंकू लावलं आणि ओंजळभर तांदूळ तिच्या पदरात घातले.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "ना!" ती ओरडली, मागे सरली आणि तिनं पदर झटकून टाकला. तांदूळ ऑफिसभर उडाले. मोठ्या बाईंचा नारळ धरलेला हात तसाच हवेत राहिला. भरलेली ओटी कुणी झटकलेली मी जन्मात पाहिली नव्हती. काय उद्दाम बाई आहे, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती लेकीला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली.

मुलगीच मग बोलली. "टीचर, हमारे में शादी के बाद लड़की घर से निकलती ना, तब माँ पीछे आँचल पकड़ के खड़ी रहती. लड़की बिना मुड़े पीछे चावल फेंकती, माँ के आँचल में. बोलती, तुम्हारा सब चुका दिया. उसके बाद लड़की पराई."

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. आम्ही परत ये म्हणून जे घातलं, ते त्या माऊलीच्या पदरात लेक गेली म्हणून पडलं होतं.

आईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "अभी नहीं," ती म्हणाली. "इसको अभी नहीं देगा. मेरे को भी नौ क्लास में दे दिया था." तोवर ती नवऱ्याचे शब्द बोलत होती. हे तिचे होते.

"मग पोरगी राहील," मोठ्या बाई म्हणाल्या.

कुठं राहील, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत मी तारनाक्याच्या माझ्या घरातली लेकीची खोली देऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी बाप आला. खुर्चीच्या कडेवर टेकून त्यानं एकच विचारलं, "उधर कोई पूछने आया तो?"

"तो मेरे से पूछेगा," मी म्हटलं. "मैं बहुत चिल्लाती हूँ."

मुलगी हसली. तो हसला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. परीक्षेपर्यंत, फक्त परीक्षेपर्यंत, असं म्हणून तो कबूल झाला.

आता ती माझ्याकडे आहे. बसमध्येही प्रमेयं घोकते. गावाकडून फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलते, रस्त्यावर कुणाला बोली ऐकू जाऊ नये म्हणून. दाराची घंटा वाजली की आम्ही दोघी दचकतो. परीक्षेनंतर काय, हे मला माहीत नाही. रात्र रात्र त्याचाच घोर लागतो.

अशा वेळी मला तिच्या आईबापाला पोचवायला गेलो होतो ते सिकंदराबाद स्टेशन आठवतं. मोठ्या बाईंनी वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. सवाष्ण बाई एवढ्या लांब निघालेली, आणि तिला तसंच जाऊ द्यायचं. त्यांचा हात सवयीनं सारखा पिशवीकडे जात होता आणि परत येत होता. खण आत होता, मला ठाऊक आहे. त्यांनी तो काढला नाही.

गाडी हलली. आई डब्याच्या दारात आली, दोन्ही हातांनी तिनं पदर पसरला आणि लेकीला दाखवला. रिकामा होता. मग तो कमरेला घट्ट खोचून ती आत गेली.