बोलणीसाहेबांचा राजीनामा

आमचे साहेब बोलणी करायला बसले की चहा हमखास थंड करून प्यायचे. समोरच्याचे दोन कप संपायचे तरी यांचा पहिला तसाच. "चहा गरम प्यायची ज्याला घाई, त्याला उठायचीही घाई. आणि घाईतला माणूस जास्त देऊन बसतो," हे त्यांचं शास्त्र. जबलपुरातली मराठी मंडळी त्यांना बोलणीसाहेबच म्हणत.

इंग्रजांच्या अमदानीत त्यांनी संस्थानांचे मिठाचे करार जुळवले, कापसावरच्या जकातीसाठी दोनदा विलायतेला जाऊन आले आणि लढाईच्या दिवसांत ते प्रांताचे व्यापार सल्लागार होते. व्यापारी त्यांना सरकारचा माणूस म्हणत, सरकार व्यापाऱ्यांचा. ते हसायचे. "दोन्हीकडची बोलणी खाल्ल्याशिवाय बोलणी पुरी होत नाहीत," म्हणायचे. मी त्यांचा टंकलेखक, अमरावतीहून नुकताच आलेला, हिंदीत कच्चा आणि ते कबूल करण्यात त्याहून कच्चा.

लढाईच्या त्या उन्हाळ्यात शहरातल्या तोफांच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या चालू होत्या, पण कामगारांच्या घरात गहू नव्हता. जवळच्या मझौली गावचे आडते गहू पाठवत नव्हते, कारण शहरात शिरलेली बैलगाडी लष्करी खरेदीचा गोरा अधिकारी आपल्या कामाला धरून ठेवी. साहेब स्वतः मझौलीला गेले. तिथून गाडीवानाच्या हाती चिठ्ठी आली: 'जमलं. उद्या दुपारी गोऱ्या साहेबासमोर राजीनामा लागेल. इंग्रजीत तयार ठेव, बाकी आल्यावर बघू.' मी हबकलोच. माणूस खुर्ची सोडतोय आणि वर जमलं म्हणतोय! डोळे पुसत मी राजीनामा टाइप केला, चांगला भारदस्त.

दुसऱ्या दिवशी साहेब आडत्यांना घेऊन थेट बैठकीलाच आले. धान्याच्या गाड्यांना हात लावणार नाही असं लिहून द्या, ते अधिकाऱ्याला म्हणाले. अधिकारी आढेवेढे घेऊ लागला. तेव्हा साहेबांनी माझ्याकडून कागद घेतला, सावकाश वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या आडत्यानं मला हळूच विचारलं, "राजीनामा बन गया न, भैया? समझौते की बात पक्की लिखी है?"

हिंदीत राजीनामा म्हणजे समेटाचा कागद, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी चिठ्ठीत आडत्यांचाच शब्द लिहिला होता.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, सही केली आणि कागद अधिकाऱ्यापुढे सरकवला. या लोकांना मी शब्द दिला आहे, तो पाळता येत नसेल तर ही खुर्ची मला नको, असं त्यांनी इंग्रजीत शांतपणे सांगितलं. हा माणूस उठून गेला तर कारखान्याला गहू कुणी देणार नाही, हे अधिकाऱ्यालाही दिसत होतं. त्यानं गाड्या सोडायचा हुकूम तिथेच लिहून दिला. पण सहीचा कागदही ठेवून घेतला. गहू सुरू झाल्यावर त्यानं तो आकसानं वर पाठवला आणि पंधरवड्यात राजीनामा मंजूर होऊन आला.

साहेब नागपूरला निघाले तेव्हा मी स्टेशनवर गेलो. त्यांचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची लाज. चूक माझी, शिक्षा तुम्हाला, एवढं कसंबसं म्हणालो आणि मला रडू फुटलं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काहून रडून राहिला बाप्पा? कागद तुझा होता. सही तर मी वाचून केली."