पाठमोरे मास्तर

बायबलातला शापाचा अध्याय आला की मास्तर आमच्याकडे पाठ फिरवत. ते आमच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. गगनबावड्याच्या वाटेवरचं आमचं प्रार्थनाघर लहान. पावसाळ्यात धुकं दारातून आत येऊन बाकांवर बसे. आशीर्वादाची वचनं ते आमच्याकडे बघत खड्या आवाजात वाचत. मग चष्मा पुसून वळत आणि देवाचं न ऐकणाऱ्याचं काय होतं, ते मागच्या रिकाम्या खोलीच्या दाराकडे तोंड करून वाचत. आवाज अगदी खाली जाई. त्या खोलीत कुणीतरी बसून ऐकतंय, असं आम्हाला वाटे. गावानं नाव पाडलं, पाठमोरे मास्तर.

मी मंडळीचा पंच. एकदा त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, “आण्णा, भरलेली बंदूक माणसाकडं करून कोण पुसतं व्हय?”

एका शेतकऱ्याची इच्छा होती की बांध सरकवणाऱ्याचा शाप त्याच्या शेजाऱ्याकडे बघून वाचावा. मास्तर म्हणाले, वाचतो की, पण आधी तुझाबी बांध बघून येऊ. तो पुन्हा आला नाही.

शापाच्या अध्यायाचा अर्थ ते साधा सांगत. “देव काठी घेऊन मागं लागत न्हाय. दिवा मागं टाकून निघालं की आपलीच सावली पुढं पडती. तिच्यात खड्डा दिसत न्हाय. एवढंच.” मला तो अर्थ पचला नाही. माझ्या मुलीनं, सारानं, माझ्या मर्जीविरुद्ध गावातच लग्न केलं होतं. बापाचं मोडलं म्हणजे देवाचं मोडलं, असं मी धरून चाललो होतो. तिच्याकडे बघून तो अध्याय वाचा, असं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि विषय संपवला.

सारा तेव्हा पोटुशी होती. त्या रविवारी मी तिला म्हटलं, बाकावर अवघडशील, मागच्या खोलीत खुर्ची टाकली आहे, मास्तरांनीच तुला तिथं बसायला सांगितलंय. ती बिचारी जाऊन बसली.

मास्तर वळले. नजर पुस्तकात होती. पोटच्या फळाला शाप लागेल, या वाक्यावर त्यांनी डोळे वर केले आणि थांबले. खोलीच्या दारात धुकं होतं, आणि धुक्यात सारा. बाकांवरच्या कुणाला काही कळलं नाही. त्यांना मास्तरांची पाठ तेवढी दिसत होती. पुढची ओळ त्यांनी वाचलीच नाही.

मूल जन्मलं ते रडलंच नाही.

मास्तरांनी पोरीला मुद्दाम समोर बसवून शाप दिला, ही गोष्ट घाटाखालीही पोचली. लोक त्यांच्या वाटेवरून जाईनासे झाले. मास्तरांना खुर्ची कुणी टाकली ते ठाऊक होतं. ते कधी बोलले नाहीत. गाव सोडताना एसटीच्या पायरीवरून एवढंच म्हणाले, “पोरीला सांगा आण्णा, मी तिच्याकडं बघून न्हाय वाचलं.”

कित्येक वर्षं मी सांगितलं नाही. गेल्या महिन्यात ते हातकणंगल्याकडे वारले, मातीला चार माणसं नव्हती, हे ऐकलं आणि मग साराला सगळं सांगितलं. तिला पुढं मुलं झाली, आता नातवंडं आहेत. माझा डबा तीच आणते. ती बराच वेळ डब्याची कडी उघडबंद करत राहिली. मग म्हणाली, “मग आजवर मी भ्यायले ते कुणाला?”

डबा अजून रोज येतो. काल तिच्याबरोबर तिचा नातू होता. तो हसत माझ्याकडे धावला. सारानं त्याला हळूच मागं ओढलं आणि मी नीट बघायच्या आत त्याच्या तोंडावर पदर धरला.