चर्चपासून दोनशे मीटर पश्चिमेला

कोस्टा रिकाला जायचं कसं, हे आमच्या मामेसासऱ्यांइतकं अख्ख्या पालघर जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसेल. आणि कोस्टा रिकाला न जाण्यात त्यांच्याइतकी चिकाटीही कुणी दाखवली नसेल. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. नरपडला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आणि चिकूची वाडी. उत्तरेला वापी आणि दक्षिणेला पालघर, या हद्दीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. मुंबईही पाहिली ती लग्नाकार्यापुरती. असा माणूस तुम्हाला डहाणूच्या भर बाजारात थांबवतो आणि सांगतो, "जायचं तर डिसेंबर ते एप्रिलच जा. मे उजाडला की तिकडे पाऊस बसतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी धो धो. फिरणं काय ते सकाळी उरकून घ्यायचं." आता मला सांगा, बाजारात वांगी घ्यायला आलेला माणूस डिसेंबरात कोस्टा रिकाला कशाला मरायला जाईल? पण असले प्रश्न मामांना पडत नाहीत. समोरच्याच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत आणि तो पळून जाऊ शकत नाही, एवढी खात्री झाली की ते सुरू होतात.

या रोगाची लागण झाली २०१४ साली. आमचा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला तेच वर्ष. मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं आणि जावयाला तिकडे नोकरी लागली. तोपर्यंत मामांनी त्या देशाचं नावही ऐकलं नव्हतं. मुलगी विमानात बसली आणि पंधरा दिवसांत मामा त्या विषयातले अधिकारी पुरुष झाले. मुलीला निरोप देताना त्यांनी शब्द दिला होता, "पुढच्या उन्हाळ्यात मी आणि तुझी आई येतोच." तो पुढचा उन्हाळा चार वर्षं पुढेच राहिला. एकदा चिकूला बहर होता. एकदा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा आडवी आली. जणू मामा गेले नसते तर देवीने जत्राच भरू दिली नसती. एकदा तर शेजाऱ्याची गाय व्यायची होती. खरं कारण नरपडमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मामा उंचीला घाबरतात. त्याच जत्रेत माझ्या मुलीच्या हट्टापायी ते आकाशपाळण्यात बसले. पाळणा अर्ध्यावर जातो न जातो तोच "अरे थांबव, थांबव, मधुमेही माणूस आहे!" असा टाहो ऐकू आला. मधुमेहाचा आणि पाळण्याचा काय संबंध? शिवाय मामांना मधुमेह नाहीच. खाली उतरल्यावर रंग परत यायच्या आत त्यांनी पाळणेवाल्याला विचारलं, "विमानात कानांना दडे बसले तर काय करायचं, माहितीये? पेपरमिंट चघळायचं."

हा सल्ला ते फुकट वाटतात आणि माणूस पाहून वाटतात असंही नाही. मी तलासरीला एका पतपेढीत नोकरीला. एकदा मामा काही कामाने माझ्याबरोबर एसटीने आले, तर त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "तिकडे नळाचं पाणी बिनधास्त प्या, पण किनाऱ्यावर गाडीत बॅग ठेवून जाऊ नका. काच फोडून नेतात." कंडक्टर म्हणाला, "काका, सुट्टे द्या." किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी आमची एक मावशी आहे. आयुष्य समुद्रात गेलेल्या त्या बाईला मामांनी समजावलं, की तिकडच्या समुद्राच्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडायचं नाही, आडवं पोहत बाजूला निघायचं. मावशीने हातातला बोंबील बांबूवर टाकला आणि विचारलं, "मामा, तुमच्या पोरीच्या गावाला पापलेट मिलतंय का?" मामांनी लगेच विषय बदलला. मासळी हा त्यांच्या अभ्यासाचा कच्चा भाग. ती कसर त्यांनी जेवणाच्या बाबतीत भरून काढली: तिकडे सकाळ-दुपार भात आणि काळा घेवडा, तेव्हा शाकाहारी माणसाचे हाल नाहीत, संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, कारण विंचू. हा शेवटचा सल्ला ऐकून मी कपाळावर हात मारला. अहो, विंचू काय नरपडला पाहिले नाहीत? आणि बूट? मामांनी जन्मात चपलेशिवाय काही घातलं नव्हतं.

पण सगळ्यांवर कडी केली ती पत्त्याने. त्या देशात म्हणे घराला नंबर नसतो, रस्त्याला नाव असलं तरी कुणी वापरत नाही. लोक खुणेवरून पत्ता सांगतात. आणि खूण जागेवर असलीच पाहिजे असंही नाही; झाड तोडून वीस वर्षं झाली तरी पत्त्यात ते उभंच असतं. मुलीच्या घराचा पत्ता होता: चर्चपासून दोनशे मीटर पश्चिमेला, जिथे आंब्याचं झाड होतं तिथे, पिवळं फाटक. मुलीने फोनवर तो स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवला आणि मामांनी पाठ केला. नुसता पाठ नाही केला, रोज सकाळी अंघोळ करताना म्हणायला लागले. तोही स्तोत्राच्या चालीवर! आमच्या आणि त्यांच्या न्हाणीघरांमध्ये एकच भिंत. पहिला तांब्या अंगावर पडला की सुरू: "दे ला इग्लेसिया, दोसिएन्तोस मेत्रोस आल ओएस्ते, दोन्दे एस्ताबा एल पालो दे मांगोऽऽ..." चार वर्षं मी हे ऐकत दाढी केली. मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, देवाचं काही येत असेल तर म्हणा की!" त्यांना त्या सगळ्या प्रकरणाचा मनस्वी तिटकारा होता. मामांचा एकही सल्ला त्यांनी संसारात कधी मानला नव्हता आणि म्हणूनच तो संसार धड झाला, असं माझं मत आहे.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले. एके दिवशी ते आमच्या मारुतीच्या देवळापासून पावलं मोजत पश्चिमेला निघाले. चर्च नाही तर मारुती. दोनशे मीटर भरले ते किनाऱ्यालगतच्या सुरूच्या झाडांपाशी. तिथे त्यांनी घरातली एक प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली आणि रोज संध्याकाळी तिच्यात बसायला लागले. मी विचारलं, "मामा, हे काय नवीन?" तर म्हणाले, "जावईबापू, पोरीच्या अंगणात बसलोय." मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही.

मग २०१८ च्या पावसाळ्यात बातमी आली, की मुलीला दिवस गेलेत आणि पोट बरंच पुढे आलंय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलं. ती फोनवर रडली. मामी म्हणाल्या, "पोर माहेरी येत नाही ना, मग माहेर तिकडे जाईल. दोन तिकिटं काढा." मामांच्या तोंडचं पाणी पळालं. आता चिकू, गाय, महालक्ष्मी, कुणीच मदतीला येईना. व्हिसा झाला, तिकिटं झाली. मामींनी डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी अशी बॅग भरली. मामांनी त्यांना वाटेत लागतील त्या सूचना देऊन देऊन इतकं पिडलं, की शेवटी त्यांनी कानांत कापूस घातला. जायच्या दिवशी मीच गाडी काढली. चारोटीपासून विमानतळापर्यंत मामा मला सांगत होते, की विमानात दर तासाला उठून चालायचं, पायाला गोळे येत नाहीत. मी न जाणारा, आणि जाणाऱ्या मामी मागे डोळे मिटून बसलेल्या.

विमानतळाच्या दाराशी पासपोर्ट बघणारा जवान उभा होता. मामींनी आपला दाखवला. मामांनी खिशातून काढला, त्याच्याकडे पाहिलं, वर काचेतून आभाळाकडे पाहिलं आणि पाय जमिनीला खिळल्यासारखे उभे राहिले. मागे रांग. मामींनी विचारलं, "येताय, की मी जाऊ?" मामा बाजारात निघालेल्या बाईला सांगावं तसे म्हणाले, "तू हो पुढे. मी येतोच मागाहून." मामींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. ट्रॉली वळवली आणि आत गेल्या. मला इतका संताप आला, की परतीच्या वाटेवर मी त्यांना मनातल्या मनात फैलावर घेत होतो. चार वर्षं जगाला शिकवलंत, आणि पोटच्या पोरीच्या बाळंतपणाला दारातून मागे फिरलात! मनोर मागे पडल्यावर मामाच बोलले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जावईबापू, चिकू आपला नव्हे, माहीत आहे का? तो तिकडचाच. मध्य अमेरिका हे त्याचं माहेर. इतक्या लांबून आला, पण आपण त्याला परकं मानलं नाही. पाणी घातलं, वाढवला. म्हटलं, तसं तिकडचे लोकही माझ्या पोरीला..." मी मग रागवायचं सोडून दिलं.

मामी पोचल्या तेव्हा भलताच घोळ झाला होता. मुलीला अचानक दवाखान्यात हलवलेलं, जावई तिच्यापाशी, मामींना घ्यायला विमानतळावर कुणी नाही. फोन चालेना, इंग्रजी येईना. त्या टॅक्सीत बसल्या, गावाचं नाव सांगितलं. गावात शिरल्यावर टॅक्सीवाल्याने हातवारे करून विचारलं, आता कुठे? मामींनी डोळे मिटले आणि चालीसकट सुरू केलं: "दे ला इग्लेसिया, दोसिएन्तोस मेत्रोस आल ओएस्ते, दोन्दे एस्ताबा एल पालो दे मांगोऽऽ..." टॅक्सीवाल्याने म्हणे छातीवर क्रूस काढला आणि थेट पिवळ्या फाटकापाशी नेऊन उभं केलं. शेजारीण किल्ली घेऊन थांबलेलीच होती. दुसऱ्या दिवशी नात झाली. मामींनी फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या बडबडीमुळे पोचले हो." मामांनी फोन स्पीकरवर लावला आणि ते आम्हाला पुन्हा ऐकवायला सांगितलं. मामींनी ते वाक्य परत म्हणायला साफ नकार दिला.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलायला लागली. तलासरीकडे जास्त. भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत तंबूत झोपायला लागली, पतपेढीत माझ्या टेबलावरचा चहा आपोआप हिंदकळायचा. नरपडला धक्के कमी, पण धास्ती तेवढीच. आणि मामांचं राज्य आलं! कोस्टा रिकात भूकंप नेहमीचेच, तेव्हा त्याचा सगळा अभ्यास त्यांच्याकडे तयार होता. माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढा, उशाशी बॅटरी ठेवा, चपला पलंगाखाली ठेवा, धक्का बसला की दाराकडे धावू नका, टेबलाखाली शिरा. दारोदार फिरून सांगत होते. आणि लोक ऐकत होते, ही गोष्ट मला जास्त झोंबली. मीसुद्धा भांडी खाली काढली, पण मामांना ते कळू दिलं नाही.

एका संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो असताना मामींचा फोन चालू होता आणि तेवढ्यात धक्का बसला. कपबशा खणखणल्या. मामा ओरडले, "अगं हललं, हललं!" पलीकडून मामींचा आवाज आला, अगदी थंड. "काल इथेही हललं. म्हणजे जमिनीवर बसून तरी तुम्ही कुठे स्थिर आहात? हलायचंच आहे, तर विमानात हला. नात तीन महिन्यांची होईल आता." मामा टेबलाखाली होते. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला. आले ते मला म्हणाले, "जावईबापू, गाडी आहे का रिकामी?"

या खेपेला त्यांनी वाटेत मला एकही सल्ला दिला नाही. पेपरमिंटची पुडी मुठीत गच्च धरली होती आणि ओठ हलत होते; स्तोत्रच चाललं असणार. दारातल्या जवानाला पासपोर्ट दिला, माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि गेले.

ठरला होता तीन महिन्यांचा मुक्काम. आता २०१९ संपत आलं, मामांचा पत्ता नाही. पत्ता आहे म्हणा, तोंडपाठ आहे मला. फोन येतो. नात मांडीवर असते आणि मामा मला सांगतात, की इथल्या शेजाऱ्यांना डहाणूला यायचंय, मी त्यांना समजावलंय, नोव्हेंबरनंतरच जा, चिकू झाडावरून काढून लगेच खाऊ नका, चार दिवस पिकू द्या, आणि चारोटीला उतरा. म्हणजे आता तिकडच्या गरीब लोकांचे कान गेले. मामांची वाडी मी बघतो. न्हाणीघरात पलीकडून काही ऐकू येत नाही, दाढी करताना चुकल्यासारखं वाटतं. खुर्ची पावसाळ्यातल्या एका उधाणात वाहून गेली.

परवा पार्सलवाल्या पोऱ्याचा फोन आला. किनाऱ्यावर येऊन घर शोधत होता. त्याच्या शेजारीच ती बोंबीलवाली मावशी होती, फोन हातातून घेऊन मला म्हणाली, "थांबा भाऊ, मी सांगते त्याला." आणि मला फोनमधून तिचं ऐकू आलं, "ती सुरूखाली मामांची खुर्ची हाय ना, तिथून मागं वल, दुसरं फाटक." तिथे खुर्ची नाही हे तिला ठाऊक होतं, आणि पोऱ्याने ती कधी पाहिलेलीही नव्हती. मी फाटक उघडून उभा राहिलो, आणि पोऱ्या सुरूच्या झाडांकडून नीट चालत आला.