पाठीवर ‘मी चुकलो’

जाकीट लाल होतं. पाठीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं – मी चुकलो. चुकलो. म्हणजे कधीतरी पुरुषांसाठी शिवलेलं. आमच्या लाइनवर सगळ्या बाया. पण बायांसाठी दुसरं शिवावं, एवढी बी तसदी कुणी घेतली नव्हती.

मॅनेजर साहेबांनी ते खिळ्यावरून काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

“घाल.”

वाळूजच्या एका कारखान्यातली ही गोष्ट. गाडीच्या आत वायरींचा जुडगा असतो, तो आम्ही बांधायचो. फळीवर वायरी पसरायच्या, टोकं कनेक्टरमध्ये बसवायची, टेप गुंडाळायची, पुढं सरकवायचं. दिवसभर उभ्यानं. मी नवीन होते. त्या दिवशी माझ्या हातून एक वायर भलत्याच जागी बसली आणि तपासणीत सापडली.

माझी पोरगी तापानं फणफणत होती. तिला आईपाशी टाकून आले होते. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी साहेबांना म्हणलं होतं, “सर, अर्धा दिवस सुट्टी द्या. पोरीला दवाखान्यात न्यायचंय.” त्यांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. म्हणले, “पोरं सगळ्यांच्याच घरी असतात.” झालं. मी फळीपाशी येऊन उभी राहिले. हात वायरीत होते, डोकं घरी होतं.

आता तेच साहेब जाकीट धरून उभे. मऊ आवाजाचा माणूस. कधी ओरडायचे नाहीत. शिवी तर तोंडात नाहीच. त्यांनी विचारलं, “राहतेस कुठे तू?”

“मुकुंदवाडीत, सर.”

“मुकुंदवाडीत कुठे?”

मी आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. ते नाव सांगितलं की जात वेगळी सांगावी लागत नाही.

“अच्छा.” ते हसले. बाजूला सुपरवायझर होता, त्याच्याकडं बघून म्हणले, “मग बरोबर आहे. यांना सगळीकडे सवलतीची सवय. इथे सवलत नाही म्हणावं.”

सुपरवायझर हसला. लाइनवरच्या काही बाया बी हसल्या. त्यात वंदना होती. गंगापूरकडची, मोठ्या शेतीवाल्या घरातली. घरी वाटण्या झाल्या म्हणून नोकरीला आलेली, पण घरचा मान अजून डोक्यात होता. उन्हाळ्यात पाण्याची बाटली पुढं केली तरी माझ्या बाटलीतलं कधी प्यायली नाही. “उपास हाय माझा,” म्हणायची. पाण्याचा कसला उपास?

माझ्या शेजारी शमीम आपा काम करायच्या. लाइनवर सगळ्यांत जुन्या. त्या हळूच म्हणल्या, “पैन ले बेटा. नक्को बोल कुछ. चूल्हा जलाना है ना अपन को.”

मी घातलं.

पाळी सुटेपर्यंत अंगात ठेवायचं, असा नियम. जेवायला बी तसंच जायचं. कँटीनच्या रांगेत मागून दुसऱ्या खात्यातला एक पोरगा ओरडला, “ए चुकलो, सरक की पुढं!” सगळी रांग हसली. मी ताट घेतलं, खाली मान घालून बसले, भात कालवला. ताटात तसाच ठेवला. पुढं कितीतरी दिवस माझं नाव तेच होतं. चुकलो. खरं नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

घरी आले तर पोरगी आईच्या मांडीवर. ताप उतरत आला होता. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, “काय झालं गं?”

“काय नाय.”

आईनं उभा जन्म दुसऱ्यांचे संडास धुतले. तिला ‘काय नाय’चा अर्थ कळतो. तिनं परत विचारलं नाही.

त्या जाकिटानं लाइन सुधारली असं साहेब सगळ्यांना सांगायचे. भिंतीवरच्या फलकावर चुकांचा आकडा कमी दिसायचा. दिसणारच. बाया चुका लपवायला शिकल्या होत्या. वायर चुकीची बसली तर वरून टेप गच्च मारायची आणि पुढं सरकवायचं. ज्याच्या पदरी पडंल तो बघंल. शेजारणीची चूक दिसली तरी गप्प राहायचं, नाहीतर उद्या ती आपली दाखवंल. एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असायचो, पण कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. माणूस भ्यायला की काम नाही सुधारत, लपवणं सुधारतं.

काही वर्षांनी मला लाइन लीडर केलं. कौतुकानं नाही. आधीची सोडून गेली आणि बाया माझं ऐकतात असं सुपरवायझरनं साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणले, “बघू. जमतंय का तुला.”

वंदना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणली, “आता ह्यांचं बी ऐकायचं का?”

मी ऐकलं. पहिल्याच सकाळी बायांना सांगितलं, “चूक झाली की हात वर करा. मी येते. दोघी मिळून काढू. मी कुणाचं नाव वर सांगणार नाय.”

कुणी हात वर केला नाही. कशाला करतील? मी त्यांच्या जागी असते तर मी बी केला नसता.

मग एके दिवशी शमीम आपांचा हात वर गेला. माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मी गेले, वायर काढली, नीट बसवली. आपल्या जागेवर परत आले. आपा दुसऱ्या बाईला म्हणल्या, “मैंने जानबूझ के उठाया. देखना था, क्या करती ये.” त्यानंतर हळूहळू हात वर व्हायला लागले. पोटुशी बाई होती, तिच्यासाठी मी भांडून स्टूल आणलं. कुणाचं पोरगं आजारी असलं तर तिचं काम बाकीच्या वाटून घ्यायच्या आणि मी तिला गेटपर्यंत सोडायचे. ह्यात मोठं काही नव्हतं. मला त्या दिवशी जे पाहिजे होतं, तेवढंच मी करत होते. त्यासाठी कुठलं शिक्षण लागत नाही. पण दमायला लई होतं. वरचं ऐकायचं, खालचं ऐकायचं, दोन्हींच्या मधी उभं राहायचं. घरी गेल्यावर पोरीशी बोलायला तोंडात शब्द उरायचा नाही.

शेवटी वंदनाचा बी हात वर झाला. माझ्याकडं न बघता. मी गेले. काढून दिलं.

आता फलकावरचा आकडा वाढला. साहेबांनी बोलावून घेतलं.

“तुझ्या लाइनवर चुका वाढल्यात.”

“वाढल्या नाय सर. आधी झाकलेल्या होत्या, आता दिसायल्या.”

“तू यांना डोक्यावर बसवलंयस. लीडरचा धाक असावा लागतो.”

गाड्यांच्या कंपनीकडून येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या होत्या. ते मी सांगितलं. त्यावर म्हणले, “ते माझ्या सिस्टीममुळे.” असल्या माणसाशी बोलायचं म्हणजे पायाखालची जमीन दाखवून ही जमीन हाय, असं सांगायचं.

मग तो दिवस आला. साहेब फेरी मारत होते आणि नेमका वंदनाचा हात वर होता. तिला ते मागं उभे दिसले नव्हते. दिसले तेव्हा हात खाली घ्यायला उशीर झाला होता.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“माझी लाइन हाय सर, मी बघते.”

ते खिळ्यापाशी गेले, जाकीट काढलं, ते माझ्या हातात दिलं.

“तू घाल तिला. तुझ्या हाताने. मग कळेल लीडर म्हणजे काय असतं.”

वंदना मान खाली घालून उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. घे, म्हणलं मनात. आता कळू दे तुला बी. माझ्या बाटलीतलं पाणी चालत नाही ना? आता माझ्या हातचं जाकीट घाल.

मी साहेबांकडं बघितलं. ते बघत होते, पण वंदनाकडं नाही. माझ्या हाताकडं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वंदना त्यांना कोणीच नव्हती. त्यांना माझे हात पाहिजे होते. मी एकदा ते जाकीट कुणाच्या अंगावर चढवलं की माझ्या अंगावर चढलेलं बी बरोबरच होतं, असं होणार होतं. मग उद्यापासून त्यांनी यायची गरजच नाही. आमचं आम्हीच करणार. बाया बायांना. खालचे खालच्यांना. आणि ते मऊ आवाजात लांबून बघणार.

मी जाकिटाची घडी घातली. टेबलावर ठेवली.

“नाय घालणार.”

“काय?”

“तिला नाय घालणार, सर.”

“मग तू घाल.”

“मी बी नाय घालणार. ह्या लाइनवर आता कुणीच नाय घालणार.”

मला वाटलं होतं, मागून कुणीतरी बोलंल. बाया आपापल्या फळीकडं बघत होत्या. फक्त शमीम आपांनी हातातली वायर खाली ठेवली. बस, तेवढंच. साहेबांचा आवाज चढला नाही. म्हणले, “उद्यापासून पॅकिंगला जा.”

पॅकिंगला आले. लीडरपद गेलं. दिवसभर खोकी उचलायची, बंद करायची, रचायची. कंबर ताठ राहत नाही आता. लाइनवर नवीन लीडर आली, तिला बी घाबरवून ठेवलंय. तिथं पुन्हा टेप गच्च मारणं सुरू झालं, असं ऐकते. ते जाकीट मात्र त्यानंतर कुणाला घातलं नाही. साहेबांना बढती मिळाली.

वंदना लई दिवस माझ्याशी बोलली नाही. एकदा पाण्याच्या नळापाशी गाठ पडली, आम्ही दोघीच होतो. ती म्हणली, “माझ्यापायी गेलं तुमचं.”

“तुझ्यापायी नाय. त्यांच्यापायी.”

ती म्हणली, “मी तुमच्या जागी असते, तर मी घातलं असतं तुम्हाला.”

“माहितीय मला.”

ती गेली. मी माझी बाटली भरून घेतली.

आता मागच्या आठवड्यात ऑफिसातली एक मुलगी पॅकिंगला आली. तरुण, गोड बोलणारी. सुपरवायझर संग होता. ती म्हणली, नवीन भरती झालेल्या मुलींसाठी कार्यक्रम आहे. विश्वास, आपुलकी, टीम म्हणजे कुटुंब, ह्यावर साहेब बोलणार आहेत. “ताई, तुम्ही पण दोन शब्द बोला ना. कंपनीने तुम्हाला कसं घडवलं ते. साहेब स्वतः म्हणाले, तुम्ही बोललात तर तुमचा लीडरसाठी पुन्हा विचार होईल.”

मी खोकं खाली ठेवलं. म्हणलं, “येते की. पण जे घडलं तेच सांगीन. माझ्या वस्तीचं नाव विचारलं तिथपासून.”

तिचा चेहरा उतरला. “ताई, निगेटिव्ह नको ना. थोडं सांभाळून घ्या.”

सुपरवायझर मधीच बोलला, “राहू द्या मॅडम. हिला सांगून उपयोग नाही. ए, तू तुझं काम कर आणि तोंड घरी ठेवून येत जा.”

मी दमलेय. खरंच दमलेय. लीडर होऊन मिरवायची हौस नाही राहिली. कुणी टाळ्या वाजवाव्या असं बी वाटत नाही. पण त्या नवीन पोरी जेवायला ह्याच कँटीनला येणार आहेत. मी त्यांच्या टेबलावर बसणार आहे. एकेकीला तिचं नाव विचारणार आहे, आणि कुणी तिला दुसऱ्या नावानं हाक मारली की उठून उभी राहणार आहे.

सुपरवायझरला मी तिथंच सांगितलं, “तोंड नाय राहत घरी. ते माझ्यासंगच कामाला येतं. उद्या बी येईल.”