पहिले चढाचं तिकीट

आलापल्लीच्या स्टँडवर माह्या आधी यष्टीत चढला असा मानूस अजून पैदा झाला नाई. मी पहिला चढलो अन् गाडी डेपोत धुवाले गेली, मीबी तिच्यासंगं धुवून निंघालो, असं किती डाव झालं ते स्टँडवरचा चहावाला सांगन तुमाले.

आमच्याकडे गाडी लागली का दारातून चढाचं नसते, दारात सारेच असतेत. आपन खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकाचा. दुपट्टा सीटवर पडला का सीट आपली. मंग दारात कितीबी धक्के खा, दुपट्ट्यावर कोनी बसत नाई. मी घरं बांधनारा मिस्त्री. मले लिहिता-वाचता येत नाई. दोन सालं शाळेत गेलो, तिसऱ्या साली गुरुजी म्हनले का तू ढोरामांगे गेला तं बरं होईन, ढोरायचं नाई, माहं. पन दुपट्ट्याचा नेम माहा पक्का. एक डाव बायकोसंगं चंद्रपूरले जाचं होतं. दोन गाड्या लागून उभ्या. मी दुपट्टा असा फेकला का सिधा खिडकीच्या सीटवर, पन गाडी अहेरीची. बायको चंद्रपूरच्या गाडीत दारातून चढली, बसाले जागा भेटली, अन् गेली. मी दुपट्टा घ्याले चढलो अन् अहेरीले पोचलो. ती हे कोनालेबी सांगे, अन् सांगता सांगता हासून खोकलत बसे.

तिचं माहेर प्राणहितेच्या पल्याड, तेलंगनात. लगन झालं तवा आमी डोंग्यानं नदी उतरत होतो. डोंग्यात सारे समोर तोंड करून बसतेत, जिकडे जाचं तिकडे. ही मांगे तोंड करून बसे. मी म्हनलं, काऊन, तिकडे कोन राह्यलं हाय तुहं? ती म्हने का कोनी नाई, काठ दूर जाते तो पाह्याले बरं वाटते. माहेरी जाताना आमचा काठ पाहे, घरी येताना माहेरचा. मले वाटे, हिले कुठीच जाचं नाई, नुसतं सुटाचं हाय.

मंग अहेरीच्या सिमेंटवाल्या दुकानदाराकडे कंपनीची स्कीम आली. सालभरात जो मिस्त्री जास्त पोते उचलन त्याले मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाची ट्रिप, जोडीनं. त्या साली घरकुलं लय निंघाले. माह्या अकलेनं नाई, सरकारच्या यादीनं माहा नंबर लागला. घरी येऊन सांगतलं तं बायको भाकर थापता थापता म्हनली, मी जहाजातबी मांगे तोंड करून बसीन, आतापासूनच सांगून ठेवतो, मंग लोकाइसमोर लाजू नोको.

पावसाळ्यात तिले ताप आला. पाचव्या दिवशी गेली. याच्यापुढचं मले सांगता येत नाई, मी तिथीच होतो तरी.

मले रडू आलं नाई. मसनात सारे रडून राह्यले अन् मी शेडचा खांब पाहून राह्यलो. तो खांब ओळंब्यात नवता, वरून दोन बोटं झुकला होता. कोन्या मिस्त्रीनं उभा केला असन, हेच डोक्यात. तेरवीले पंगतीत वरन कमी पडून राह्यलं का, ते पाहत फिरलो. दोन-चार जनाइले हासवलंबी. मांगे बाया बोलल्या का याच्या छातीत सिमेंट भरलं हाय. मी ऐकलं अन् मले वाटलं, रेती जास्त पडली असन. तेबी कोनाले सांगून टाकलं अन् तो हासला. दिवस जाऊन राह्यले, मी कामावर जाऊन राह्यलो, भिंती उभ्या होऊन राह्यल्या. जेवलो का नाई ते दुसऱ्याले इचारा लागे.

तवा मी मनात एक धरलं. जहाज सुटन, काठ दूर जाईन, तिले जे पाह्याचं होतं ते मी पाहीन, अन् तिथी मले रडू येईन. येनारच. मले त्याच्यासाठीच जाचं होतं, बाकी जहाज चुलीत गेलं तरी चालत होतं.

जोडीचं तिकीट, अन् मी एकटा. माही मोठी बहीन मूल गावाकडे धानाची शेती करते, तिचाबी मानूस नाई आता. तिले आमी सारे बाई म्हनतो. बाई म्हनली, मी येतो, तुले एकट्याले सोडलं तं तू जहाज सोडून दुसऱ्याच कशात बसशीन. मी तिले काठाचं सारं सांगतलं, रडू येईन तेबी. दुकानदारानं कंपनीवाल्याइले सांगून नाव बदलून घेतलं. त्यानंच मोबाईलवरचा मेसेज वाचून दाखवला. जहाजात चढाले ज्याले त्याले येळ देतेत. आमची येळ दुपारची, अन् जहाज सुटनार संध्याकाळी. पन वरून पैसे भरले तं पहिले चढाची येगळी लाईन असते. मी म्हनलं, भाऊ, हे तं माहंच खातं हाय, भर पैसे. तो म्हने का जहाजात जागा पक्कीच असते, धराची नसते. मी मनात म्हनलं, याले काय समजते, हा दुकानात गादीवर बसनारा.

बल्लारशावरून रेल्वेनं गेलो. बंदरावर सकाळी सात वाजता हजर. फाटकावरचा शिपाई आमच्याकडे पाहे अन् घड्याळाकडे पाहे. म्हने, "चाचा, बारा बजे." मी म्हनलं, पता है. त्याच्यापुढं पाच घंटे आमी भिंतीच्या सावलीत बसलो. सावली सरकली तसे आमीबी सरकलो.

बारा वाजता आमची लाईन खुलली. पहिला मी, दुसरी बाई. लाईनीत तिसरं कोनीच नाई. आत जहाजवाल्याइनं पिशवी घेतली, तिले चिठ्ठी बांधली, म्हनले खोलीवर पोचून जाईन. बाईनं घरून भाकरी अन् चटनी बांधून आनली होती, तेबी त्याच पिशवीत गेलं. खोली म्हनले तीन वाजता खुलन. आमी वर उघड्यावर गेलो. वर एवढं मोठं आंगन, अन् खुर्च्याच खुर्च्या, अन् आमी दोघं. मी येड्यासारखा पाहत राह्यलो. जिंदगीत पहिल्यांदा सारी गाडी रिकामी भेटली, अन् मले समजेना कुठी बसाव.

आता माही अक्कल आयका. जहाजाच्या एका बाजूनं बंदर, म्हनजे मोठी थोरली इमारत, तिच्यामांगे गाव. दुसऱ्या बाजूनं पानी. मी पान्याच्या बाजूनं, कठड्याले लागून दोन खुर्च्या धरल्या. बाई म्हनली, काठ तं तिकडे हाय. मी तिले समजावलं. यष्टी स्टँडातून कशी निंघते? पहिले रिव्हर्स घेते, मंग वळते, मंग स्टँड येते दुसऱ्या बाजूले. जहाजबी तसंच वळन, अन् काठ आपल्यासमोर येईन. तवा सारे धावत येतीन अन् जागा आपली असन. बाई म्हनली, तुले जास्त समजते. तिचं तोंड पाहून मले समजाले पाह्यजे होतं.

ऊन डोक्यावर आलं. खाली जेवन होतं, फुकट, पाह्यजे तेवढं. बाई म्हनली चाल. मी म्हनलं, उठलो तं खुर्च्या जातीन. तू जाऊन ये. ती एकटी जाईना, तिले पाट्या वाचता येत नाई, अन् मलेबी येत नाई, मंग दोघं मिळूनबी तेवढंच. पान्याची बाटली होती, ते पेलो.

मंग भोंगा करून साऱ्याइले खाली बोलावलं. बुडालं तं काय कराचं ते शिकवतेत, जाच लागते. मी माह्या खुर्चीवर दुपट्टा टाकला अन् बाईच्या खुर्चीवर तिची चप्पल ठेवली. बाई उघड्या पायानं नारंगी जाकीट घालाले शिकली. माघारी आलो तं दुपट्ट्याची घडी करून ठेवलेली, चप्पल जोडीनं लावलेली, खुर्च्या जशाच्या तशा. आजूबाजूच्या पन्नास खुर्च्या रिकाम्या. ती जागा कोनालेच नको होती.

तीन-साडेतीनले वर्ध्याचा एक मिस्त्री आला, आमच्याच स्कीमवाला, बायकोसंगं. रेल्वेत भेट झालती. भांग पाडून, जेवून, ताजातवाना. इचारलं तं म्हने आत्ताच चढलो, दहा मिंटं लागले, साधंच तिकीट. मले इचारलं, भाऊ, तुमी कवाचे इथी? मी सांगतलं. त्यानं बाईकडे पाह्यलं, बाईचं नाक तांबडं झालतं उन्हानं. त्याची बायको बोलली, "खोलीत ठंडी हवा हाय, भाऊजी, बाईले तं जाऊ द्या." मी म्हनलं, आमी इथीच बरे.

गावात आता सारे मले इचारतेत, पहिले चढाले पैसे भराव का नाई. मी म्हनतो, घरात म्हातारं मानूस असन, गुडघे दुखत असन, तीनच्या गर्दीत उभं राहाची ताकद नसन तं भरा. बाकीच्यानं जेवून, झोपून, आपल्या येळेवर जाव. जहाज तुमच्या आधी जात नाई, अन् तुमची खोलीबी कोनी घेत नाई. एवढं सांगतलं का लोकं म्हनतेत, मंग तुनं काऊन भरले? तवा मी चहा मागवतो.

संध्याकाळी हॉर्न वाजला, असा का छातीत घुमला. माही तयारी झाली. मी खुर्चीत सिधा बसलो, डोळे पुसले, आधीच, कोरडेच होते. पन मले माहीत हाय, हॉर्न वाजला म्हनजे गाडी निंघत नाई. हॉर्न वाजला म्हनजे ड्रायव्हर आला. अजून कंडक्टर याचा हाय, कोनाचं पोरगं लघवीले गेलं हाय. निंघते तवा हिसका बसते. मी हिसक्याची वाट पाहत बसलो. समोर पान्यात दोन मोठे डोंगे उभे होते, ते हळूहळू मांगे सरकले. मी बाईले म्हनलं, पाह्य, ते निंघाले, आपलंच राह्यलं. मंग एक लोखंडी खांब सरकला, त्याच्यावर पक्षी बसला होता, तोबी सरकला.

बाई बऱ्याच येळानं म्हनली, "काऊन रे, खांब कवापासून चालाले लागले?"

मी उठून मांगे पाह्यलं. आंगनात कोनी नाई. सारं जहाज पल्याडच्या कठड्याले लागून उभं, हात हालवून राह्यलं, नाचून राह्यलं. मी धावलो. चार-पाच ओळी मानसाइच्या, मोबाईल वर धरलेले. मी माफी मागत, कोपर मारत, पुढं घुसलो. दाराच्या धक्क्याची सवय हाय, पोचलो. काठ गेला होता. म्हनजे होता, पन बोटाएवढा, धुरकट, त्याच्यावर काय हाय ते काई दिसेना. इमारत कोनती, बंदर कोनतं, काई नाई. मी त्या बोटाएवढ्याकडे डोळे फाडून पाहून राह्यलो. तिले याद केलं. तिचा हात याद केला, डोंग्याच्या फळीवर टेकलेला. काईच झालं नाई. पाय दुखत होते तेवढं समजलं. मंग ते बोटबी धुरात गेलं, अन् लोकं जेवाले पांगले.

बाई लंगडत आली, बाजूले उभी राह्यली. पानी काळं होऊन राह्यलं होतं. मी म्हनलं, "बाई, मले अजूनबी रडू येऊन नाई राह्यलं. त्याच्यासाठीच आलो होतो. तेबी चुकलं."

बाईनं पदरानं नाक पुसलं, ते उन्हानं सोलटलं होतं. म्हनली, "सकाळपासून उपाशी ठेवलं तुनं मले, चटनी-भाकरबी जहाजवाल्याले देऊन बसला. रडाचं असन तं जेवून रड, नाई आलं तं नोको रडू, तिले आता काय फरक पडते. चाल, पुढं हो, जेवाचं कुठी हाय ते कोनाले तरी इचार."