हो म्हणाला की नाही?

दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंटसुद्धा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा उगवायचे, तेही घड्याळाकडे बघत. एरवी तपासणं, औषध लिहून देणं, इंजेक्शन टोचणं, सगळं ताईच्या गळ्यात. नर्स असून हा अधिकार तिने हौसेने जादा शिकून मिळवला होता. मग दुसरी नर्स कंटाळून निघून गेली. "तुम्ही आहात ना!" डॉक्टर हसून म्हणाले, आणि विषय मिटला.

"कुठल्या औषधाची ॲलर्जी?" हा प्रश्न तिच्या तोंडात इतका बसला होता, की परवा नवऱ्याला भाजी वाढतानाही तोच बाहेर पडला.

"तुझ्या दवाखान्याची," नवरा म्हणाला. ताई हसली, पण जरा उशिरा.

आज दुपारी हात धुताना तिच्या काळजात धस्स झालं. सकाळी घसा धरून शिंपी आला होता. त्याला तिने प्रश्न विचारला होता, नक्की. पण तो हो म्हणाला की नाही? आणि टोचलं काय? पेनिसिलिन? केसपेपर त्याच्याबरोबर गेलेला. बादलीत रिकाम्या बाटल्यांचा ढीग, त्यातली त्याची कुठली? फोन लावला, नुसता वाजत राहिला.

ताई चपला न बदलताच धावत सुटली. लांबूनच दुकानाचं शटर अर्धं खाली दिसलं, तशी ती आणखी जोरात पळाली. वाकून आत डोकावली, तर शिंपी निवांत काज करत बसलेला.

"अहो ताई, तुम्ही? या ना! उन्हं येतात म्हणून शटर ओढलंय."

"इंजेक्शन... काही त्रास?"

"छे! पेनिसिलिन नको म्हटल्यावर तुम्हीच नाही का दुसरं दिलंत? माझा भाऊ त्यानेच गेला ना. किती वेळ माझा हात धरून ऐकत होतात. घरचंसुद्धा कुणी इतकं ऐकत नाही हो."

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तिला दरदरून घाम फुटला. कुठला भाऊ? कुठला हात? तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

तिथल्याच स्टुलावर बसून तिने डॉक्टरांना फोन लावला. "उद्यापासून मी पेशंट बघणार नाही."

"का? काही चूक झाली का?"

"नाही झाली," ताई म्हणाली. "पण कशी झाली नाही, तेच मला माहीत नाही."