आमच्या हॉलमधली केबिन

आमच्या हॉलच्या फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीने आखलेली एक खोली आहे. तिला भिंती नाहीत, दार म्हणजे पट्टीतली एक फट, आणि आत-बाहेर करायचं ते त्या फटीतूनच, असा माझ्या सुनेचा दंडक. एखादा पाहुणा चुकून पट्टी ओलांडून गेला की ती म्हणते, "अहो, भिंतीतून कसे जाता?" माणूस दचकून मागे सरतो. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मीच आधी ओरडते.

माझी सून कुटुंबांच्या समुद्रसफरी ठरवून देते. जहाज कुठलं, केबिन कुठली, कोणाला काय खायला चालत नाही आणि सफर रद्द झाली तर पुढे काय, हे सगळं तिच्याकडे. गल्लीत तिला 'कप्तान' म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता तेच नाव पडलं आहे. मी तिची सासू, म्हणजे वाकडं बोलायचा मला हक्कच आहे. पण या बाईचा मला इतका अभिमान आहे की वाकडं बोलायला बसले तरी सरळच बोललं जातं.

जहाजावरच्या केबिनी किती लहान असतात, यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. फोटोत सगळं ऐसपैस दिसतं ना! म्हणून ती केबिनच्या मापाने पट्टी लावते, आत गाद्या टाकते आणि अख्ख्या कुटुंबाला बॅगांसकट बसवते. मी चहा आणते आणि आम्ही दोघी वाट बघतो. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, "पाय काढ तुझा." तिथून जी ठिणगी पडते! कोण घोरतं, कोणाला दाराजवळ झोपायची भीती वाटते, कोणाला सकाळी उठल्या उठल्या कोणाचं तोंड बघायचं नाही, सगळं बाहेर येतं. "भांडायचं ते इथे भांडून घ्या, समुद्रात मध्येच उतरता येत नाही," असं सांगून कप्तान मग केबिन ठरवते.

खाण्याची गोष्ट मात्र ती कधी थट्टेवारी नेत नाही. त्याला कारण तिचे वडील. फार पूर्वी ती आईवडिलांना हौसेने जहाजावर घेऊन गेली होती. वडिलांना मीठ वर्ज्य. कंपनीने "सोय होईल" म्हणून सांगितलं होतं, आणि सोय म्हणजे रोज उकडलेले बटाटे. ते बिचारे प्रत्येक जेवणानंतर "छान होतं हो" म्हणायचे. ते 'छान होतं' तिला अजून टोचतं. तेव्हापासून "सोय होईल का?" असं ती कोणाला विचारतच नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ती थेट जहाजाच्या स्वयंपाक्याला गाठते आणि विचारते, "दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ताटात काय असेल, तेवढं सांगा."

कोपऱ्यावरचे औषधवाले तिच्याकडे आले, ते बायको आणि लेकीला घेऊन. लेक इवलीशी, म्हणून मी तिचं नाव टिकली ठेवलं. टिकलीला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दुधाचा थेंब जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. एकदा अगदी जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून पोरीने आईच्या हातचं सोडून दुसऱ्या कोणाचं काही खाल्लं नव्हतं, आणि आयत्या ताटावर निवांत बसणं म्हणजे काय, हे तिची आई पार विसरून गेली होती.

"मला एकदा तरी हिला घेऊन बाहेर जायचंय," ती म्हणाली. "नाहीतर ही जन्मभर माझ्या स्वयंपाकघरातच राहील."

कप्तानने एका जहाजाचा स्वयंपाकी शोधून काढला. त्याने ताटातलं एकेक सांगितलं. पाण्यात शिजवलेले ओट्स, फळं, तेलावर भाजलेला पाव, आणि टिकलीसाठी लाल मुठीचा वेगळा तवा, त्याला दुसरं कोणी हात लावणार नाही. "हा माणूस आपला," सून फोन ठेवत म्हणाली.

मग जेवणाची तालीम. वाढपी मी. खांद्यावर टॉवेल टाकून मी बिस्किटांची बशी पुढे केली. बिस्किटं टिकलीच्याच घरची होती, पण नाटक करायचं तर नीट करावं. "घे गं राजा, एवढ्याशाने काही होत नाही. आजीचं ऐकायचं." टिकलीने मुकाट्याने बिस्कीट उचललं. तिची आई रडायलाच लागली. पण पोरीचं काय चुकलं? मोठ्यांनी प्रेमाने दिलेलं नाकारू नये, हे आपणच तर कानीकपाळी ओरडून शिकवतो.

कप्तान टिकलीसमोर मांडी घालून बसली. "आजीचा मान राखायचा, पण आधी विचारायचं. दूध आहे का? भांडं वेगळं होतं का? उत्तर मिळेपर्यंत हात मागे." त्यानंतर टिकली रोज संध्याकाळी यायची आणि मी तिला फसवायला बघायची. रुसून बघितलं, डोळे वटारून बघितलं, खोटं रडूनही बघितलं. पोरगी हळूहळू तयार झाली.

सगळं जमलं आणि कंपनीचा फोन आला. जहाज दुरुस्तीला गेलं, सफर रद्द. बदल्यात मोठं, नवंकोरं जहाज आणि बाल्कनीची केबिन, तीही त्याच भाड्यात. औषधवाले हरखून गेले. सुनेने टिकलीच्या जेवणाचं विचारलं, तर "आमच्याकडे सगळ्या प्रकारचं जेवण मिळतं, काळजीच करू नका" असं उत्तर आलं. स्वयंपाक्याशी काही बोलू देईनात.

"मग नको," ती म्हणाली.

"नको काय?" औषधवाले भडकले. "दुकानावर बंदची पाटी लावून झाली माझी! फुकट बाल्कनी मिळतेय आणि तुम्ही नको म्हणता?"

"बाल्कनी खाता येत नाही, भाऊ."

"मग मी दुसरीकडून बुकिंग करतो."

"करा. माझ्या हातून होणार नाही."

ते पाय आपटत निघाले आणि रागाच्या भरात भिंतीतून गेले. सुनेने त्यांना टोकलं नाही. त्यावरून मला कळलं, हिच्या मनाला लागलंय.

टिकलीची आई तिथेच बसून राहिली. "राहू दे आता," ती म्हणाली. "तसंही माझं मन धजत नव्हतं." ती आता उठून गेली तर पुन्हा कधी घराबाहेर जेवायचं नाव काढणार नाही, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

कप्तानने पुन्हा फोन लावला. मला वाटलं, आता यांना फैलावर घेणार. तिने एवढंच विचारलं, "जहाज दुरुस्तीला गेलं, मग स्वयंपाकी कुठे गेला?"

असं कंपनीवाल्यांना आजवर कोणी विचारलं नसावं. याने त्याला फोन दिला, त्याने आणखी कोणाला. सून फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होती, त्याही पट्टीच्या आतल्या आत. शेवटी सापडला! त्याच कंपनीच्या एका जुन्या, लहान जहाजावर त्याची बदली झाली होती. तवा त्याने बरोबर नेला होता.

त्या जहाजावर बिनखिडकीची एकच केबिन उरली होती. सुनेने पट्टी उचकटून आणखी आत लावली. औषधवाल्यांना बायको हाताला धरून घेऊन आली. ते तोंड फुगवून आडवे झाले, तर पावलं पट्टीच्या बाहेर. "पाय आत घ्या, मासे खातील," मी म्हटलं. टिकली खो खो हसत सुटली, आणि लेकीला हसताना बघून त्यांनाही हसू आवरेना. जायचं ठरलं.

परत आले ते उन्हाने रापून. "काय झोप लागते हो त्या केबिनमध्ये, सकाळ झालेली कळत नाही," औषधवाले मलाच पटवून देत होते. पहिल्या दिवशी आईने लेकीचा घास न् घास आधी चाखून पाहिला होता. परतताना मात्र ती स्वतःच दोनदा वाढून घेत होती म्हणे.

मी त्यांच्यासाठी केक केला होता. टिकलीपुढे बशी धरली. या वेळी खांद्यावर टॉवेल नव्हता. "घे गं राजा."

टिकलीने हात मागे घेतले. "आजी, यात दूध आहे का? भांडं वेगळं होतं का?"

मला झोंबलंच. एवढी राबले आणि ही चिमुरडी माझी उलटतपासणी घेते! मी तोंड उघडणार, तोच सून म्हणाली, "आई, उत्तर द्या."

"दूध नाही, लोणी नाही. तेलातला आहे," मी म्हटलं. "भांडं नवं आणलंय, फक्त तुझ्यासाठी. चमचासुद्धा नवा."

टिकलीने जरा विचार केला, तुकडा उचलला आणि खाल्ला. मी घाबरत तिच्या आईकडे पाहिलं. ती समुद्रावरच्या सूर्योदयाचं वर्णन करत होती. तिने लेकीच्या हातातल्या केककडे एकदा पाहिलं आणि वर्णन पुढे चालू ठेवलं. चाखायला काही उठली नाही.

माझ्या सुनेने हे पाहिलं. "पाणी आणते," असं काहीतरी पुटपुटत ती डोळे पुसत उठली आणि सरळ भिंतीतून स्वयंपाकघरात गेली.

मी तिला टोकलं नाही.